आमच्या आरओवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही विषयच संपवलात. म्हणून चारचौघांत लिहितेय. इथे तरी मला मध्येच तोडता यायचं नाही.

तुम्ही आला होतात आमच्या आरओ मशीनचं मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, बदलायला. मशीनच्या नळाला जोडलेली लांब नळी थेट माशांच्या टाकीत गेलेली तुम्हाला दिसली आणि तुम्ही हसला नाहीत. तोवर घरी येणारा जो तो त्या नळीवर विनोद करून गेला होता. घरच्यांना प्यायला पाणी उरत नाही आणि मासे बघा कसे आरओचं पितात, वगैरे. तुम्ही एवढंच विचारलंत, "मासे कुठले आहेत?"

दादा, हा प्रश्न त्याआधी मला एकानेही विचारला नव्हता. ज्यांनी टाकी विकली त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की आरओचंच पाणी घाला, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, जितका कमी तितकं उत्तम. गप्पी मरायला लागले तेव्हा त्यांनीच आधी बुरशीचं औषध गळ्यात मारलं, मग जंतांचं, आणि मग फोन उचलणंच बंद केलं. दुसऱ्या एका जाणकारांनी टाकी न बघताच फर्मान सोडलं, "खायचा सोडा ओता चमचाभर." इकडे काळी मोली जागच्या जागी थरथरत होती. पुढे नाही, मागे नाही, नुसतं अंग हलवत राहायची. वाकून तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

तुम्ही वाकून बघितलंत. आणि काम संपवून घरी जायच्या वेळेला स्वतःचं टेस्ट किट घेऊन परत आलात.

दोन काचनळ्या. एकीत साध्या नळाचं पाणी, दुसरीत टाकीतलं. आता तुम्ही पटापट तपासून निकाल सांगणार, असं मी धरून चालले होते. तुम्ही थेंबांची बाटली माझ्या हातात दिलीत. "तुम्हीच टाका ताई, आणि मोजा." नळाच्या पाण्यात निळा रंग बराच वेळ टिकून राहिला, मग कुठे पिवळा झाला. टाकीच्या पाण्यात पहिलाच थेंब पडला आणि ते पिवळंच. निळं झालंच नाही. पिवळं होईपर्यंत जेवढे थेंब लागतील तेवढा कठीणपणा: एका थेंबाला एक डिग्री, म्हणजे लिटरमागे साधारण १७.९ मिलिग्रॅम कार्बोनेट कठीणपणा. आणि आमच्या टाकीत त्याचा पत्ताच नव्हता. इतके दिवस सगळे मला निदान ऐकवत होते, तुम्ही ते मला दिसू दिलंत. त्या बाटलीसाठी हे पत्र आहे.

नंतरचं सगळं त्या पिवळ्या रंगामुळे आपोआप कळत गेलं. टीडीएसचा मीटर फक्त किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही. मेंब्रेन क्षारांबरोबर बायकार्बोनेटही, म्हणजे ज्यामुळे हा कठीणपणा येतो तेच, काढून टाकतं. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू उरलंसुरलं तेही खाऊन टाकतात, मग पीएचला, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्या मापाला, आधारच राहत नाही आणि तो कोसळतो. मोली, गप्पी तर मुळात कठीण पाण्यातले. त्यांना नुसतं आरओचं पाणी म्हणजे रोजचा उपास. डिस्कससारख्या मऊ पाण्यातल्या माशांसाठीसुद्धा आरओच्या पाण्यात थोडे क्षार परत मिसळावे लागतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आणि सोडा? त्याचं नाव काढताच तुम्ही पहिल्यांदा जरा आवाज चढवलात. पीएच उतरलेला असताना टाकीत साठलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, फारसा बाधत नाही. पीएच एकदम वर नेला की तोच विषारी होतो. चमचाभर सोड्याने उरलेली टाकीही साफ झाली असती. तुम्ही म्हणालात, "क्लोरीन काढून टाकलेलं नळाचं पाणी थोडं थोडं मिसळा, घाई नको. बिघडायला वेळ लागलाय, सुधारायलाही लागू द्या."

यातलं काहीच तुमच्या कामात बसत नव्हतं. पावतीवर फक्त मेंब्रेन होतं. वर जाताना कंपनीच्या माणसाने सांगू नये ते सांगून गेलात, की तुमच्या माशांना माझ्या मशीनची फारशी गरज नाही! माहिती असलेली माणसं पुष्कळ भेटतात हो. समोरच्याला अडाणी न ठरवता ती वाटणारी फार थोडी, आणि स्वतःच्या धंद्याविरुद्ध जाऊन खरं बोलणारी त्याहून थोडी.

टाकी विकणाऱ्यांचा मध्यंतरी फोन आला होता, नवीन औषध आलंय म्हणून. या वेळी मी उचलला नाही.

पुढच्या सर्व्हिसला याल तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवून या. झाकणाची एक बरणीही आणा. मोलीला पिल्लं झालीत, त्यातली हवी तेवढी तुमची.

तुमची,
नळीवाली ताई