सिद्दिकींचे नाव राहून गेले
आपल्या रविवार पुरवणीतील वर्तनाच्या जनुकशास्त्रावरचा, म्हणजे प्राण्यांच्या वागण्यामागची जनुके शोधणाऱ्या शास्त्रावरचा लेख वाचला. त्यात सारे शास्त्रज्ञ परदेशी, आपल्या भारतीय ओबैद सिद्दिकींचा उल्लेखही नाही, याचे वाईट वाटले. १९६२ मध्ये त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे बेंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रही. जनुकातील बदलामुळे तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांमध्ये मज्जातंतूंचे नेमके काय बिघडते, हे त्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ सेमूर बेंझर यांच्यासोबत १९७६ मध्ये मांडले. नंतर वास आणि चव ओळखण्यामागची जनुके हाच त्यांचा ध्यास झाला. फळमाश्या म्हणजे पिकल्या केळ्यांवरची चिलटेच, ती तर खानापूर-निपाणीतल्या प्रत्येक घरात असतात! सीमाभागातील मराठी शाळांच्या मुलांसाठी सिद्दिकींवर स्वतंत्र लेख जरूर छापावा.
– एक विज्ञान शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)