अल्फ्रेडला 'नोकर' म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बॅटमॅनवर पानभर लेख वाचायला मिळाला. चित्रे, शत्रूंची ओळख, गाडीची माहिती सगळे छान जमले होते. अल्फ्रेड पेनीवर्थची बोळवण मात्र एका ओळीत झाली: अनाथ ब्रूस वेनला (म्हणजे पुढच्या बॅटमॅनला) पहिल्यापासून वाढवणारा इमानी नोकर. यातले 'पहिल्यापासून' चुकीचे आहे आणि 'नोकर' त्याहून चुकीचे. मुले पुरवणीतली कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात, म्हणून हे पत्र.

बॅटमॅन अवतरला मे 1939 मध्ये, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 27व्या अंकात. आईवडिलांच्या खुनाची कथा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, 33व्या अंकात आली. तेव्हा त्या घरात अल्फ्रेड नव्हताच. 1940 मध्ये त्याचा अनाथ साथीदार रॉबिन आला आणि अल्फ्रेड उगवला तो 1943 मध्ये, 'बॅटमॅन'च्या 16व्या अंकात. म्हणजे ब्रूस मोठा होऊन, मुखवटा चढवून, त्याने स्वतःच एक अनाथ पोर पदरी घेतल्यानंतर! अंगाने गोल, हेरगिरीची हौस दांडगी आणि अक्कल बेताची, असे ते वाचकांना हसवायला आणलेले पात्र होते. बापाने मरताना शब्द घेतला म्हणून तो वेन घराण्याच्या चाकरीत आला. मालकाचे गुपितही त्याला योगायोगानेच कळले. त्याच वर्षी पडद्यावरच्या मालिकेत विल्यम ऑस्टिन या सडपातळ, मिशीवाल्या नटाने ही भूमिका केली. लगेच 1944च्या सुरुवातीला कागदावरच्या अल्फ्रेडलाही आरोग्यधामात पाठवून बारीक केले आणि मिशी दिली. आज ओळखीचा झालेला तो चेहरा असा नटाकडून चित्रकाराकडे गेला.

मधल्या काळातल्या कथांत ब्रूसला वाढवणारी माणसे वेगळीच होती: काका फिलिप वेन आणि त्यांचे घर पाहणाऱ्या मिसेस चिल्टन. अल्फ्रेडचे आडनाव आधी बीगल होते, पेनीवर्थ झाले 1969 मध्ये. त्याआधी 1964 मध्ये तर लेखकांनी त्याला मारूनच टाकले होते. कोसळणाऱ्या शिळेखालून बॅटमॅन आणि रॉबिनला बाजूला काढताना तो स्वतः तिच्याखाली सापडला. 1966 मध्ये दूरचित्रवाणी मालिकेत ॲलन नेपियर यांचा अल्फ्रेड घरोघरी पोहोचला, आणि त्याच वर्षी चित्रकथेतही त्याला जिवंत करावे लागले. खून झाला त्या रात्रीपासून पोराला उराशी धरणारा अल्फ्रेड रुळला तो 1986-87 मध्ये सगळ्या कथा नव्याने मांडल्या गेल्या तेव्हापासून. नायक जन्मल्यावर 48 वर्षांनी त्याला वाढवणारा मिळाला. आमच्या मते या पात्रांबाबत इतका नेमका बदल दुसरा झालेला नाही. रात्रभर मार खाऊन येणारा माणूस दुसऱ्या दिवशी उभा कसा राहतो, याचे पटणारे उत्तर त्याआधी कथेत नव्हते.

आता 'नोकर' या शब्दाविषयी. आपला बेळगाव-खानापूरचा भाग देसाई-इनामदारांच्या वाड्यांचा. कामाच्या माणसांचे प्रकार इथे कोणाला समजावून सांगायला नकोत. सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला मोकळा होतो. घरगडी सांगितले ते काम करतो. किल्ल्या, कोठी आणि हिशेब ज्याच्याकडे असतो तो कारभारी. 'बटलर' हा शब्द मुळात बाटल्यांची कोठी सांभाळणाऱ्याचा, म्हणजे तोही कोठीवालाच. दुसरी गंमतीची गोष्ट म्हणजे ब्रिटिश लष्करात अधिकाऱ्याची वर्दी, बूट आणि सामान सांभाळणाऱ्या शिपायालाच 'बॅटमॅन' म्हणत. तिथे वटवाघळाचा काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये 'बाट' म्हणजे ओझ्याच्या जनावराचे खोगीर, त्यावरून तो शब्द आला. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे तिथल्या मुलांना हे सांगितले तर ती कधी विसरणार नाहीत. वेन घराण्यातला त्या अर्थाचा बॅटमॅन अल्फ्रेडच.

त्याचे काम किती बारकाईचे आहे हे मुखवट्यावरून कळते. 2005च्या चित्रपटात मुखवट्याचा मुख्य भाग कागदोपत्री कंपनीच्या नावाने सिंगापूरहून आणि कान वेगळे, चीनमधल्या कंपनीकडून मागवायचे ठरते. जोडणी घरी. संशय नको म्हणून मागणी एकदम 10,000 नगांची. उद्यमबागेतल्या कोणत्याही कारखानदाराला यातली अक्कल लगेच कळेल. एका नगासाठी डाय (साचा) बनवून मागणारे गिऱ्हाईक जन्मभर लक्षात राहते. दहा हजारांची ऑर्डर देणारा मात्र व्यापारी वाटतो. सुटा कान हातात आला तरी तो कशाचा हे कोणाला उमगत नाही. तरीही पहिली खेप फसते. ग्रॅफाइटमध्ये दोष निघतो आणि एका फटक्यात मुखवटा तडकतो. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे बीड (ओतीव लोखंड) ठिसूळ होते हे फाउंड्रीवाले रोज पाहतात, त्यांना याचे नवल वाटणार नाही. महत्त्वाचे इतकेच की तो तडा रस्त्यावर गेला नाही. आलेला माल वापरण्याआधी ठोकून बघण्याची शिस्त त्या घरात होती.

दुसरे काम जखमांचे. गोळीची किंवा सुऱ्याची जखम घेऊन दवाखान्यात गेले की एमएलसी (मेडिको-लीगल केस) अशी नोंद होते आणि पोलिसांना कळते. म्हणून मुखवटेवाल्याला घरातच वैद्य लागतो. 1987च्या कथेत ब्रूस रक्तबंबाळ होऊन खुर्चीत बसला आहे आणि शेजारी एक घंटी आहे. ती वाजवली की अल्फ्रेड येईल आणि रक्त थांबवील, एवढा भरवसा. युद्धातल्या जखमींवर उपचार करण्याचे त्याचे शिक्षण पुढच्या कथांत पुन्हा पुन्हा येते. पडद्यावर हे काम चिमट्याने गोळी काढून बशीत 'टण्' टाकण्यापुरते दाखवतात, आणि तेच चूक आहे. जीव जातो तो रक्तस्रावाने. आत राहिलेली गोळी पुष्कळदा तशीच ठेवतात, कारण ती उकरताना चांगली रक्तवाहिनी फाटू शकते. खरे काम कंटाळवाणे असते. स्वच्छ कापडाने सलग 10 मिनिटे दाब द्यायचा. थांबले का म्हणून मध्ये उचलून पाहिले की धरलेली गुठळी सुटते. मग भरपूर पाण्याने धुणे, कारण आत राहिलेल्या मातीवर टाके घातले की पू ठरलेला. टाके फार आवळले तर कडेच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. चेहऱ्याचे टाके साधारण 5 दिवसांत काढायचे, डोक्याचे 7 ते 10, गुडघा-कोपरावरचे 10 ते 14. चेहऱ्यावर उशीर झाला की वण राहतात. रोज लोकांसमोर उभे राहणाऱ्या उद्योगपतीला चेहऱ्यावर वण परवडत नाही. धनुर्वाताच्या लसीची तारीख लिहून ठेवणे हेही त्याच कामात येते. हाताबाहेरचे असेल तेव्हा डॉ. लेस्ली थॉम्पकिन्स यांना बोलवायचे, आणि ती वेळ कधी आली हे ओळखायचे. (मुलांनी घरी हे करून पाहू नये, आपल्याला 108 आहे.)

तिसरे काम बॅटमॅनच्या गुहेचे. लेखात गुहेचे वर्णन राजवाड्यासारखे होते. वटवाघळांची गुहा कशी असते ते आपल्या तालुक्यातच कळते. खानापूरच्या भीमगड जंगलातल्या बारापेडे गुहेत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. 1913 मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली आणि पुढे कित्येक वर्षे जगात त्याचे हे एकच ठिकाण ठाऊक होते. अशा गुहेत विष्ठेच्या थरातून अमोनिया सुटतो. ओलाव्याबरोबर तो तांब्या-पितळेला खातो, म्हणजे विजेचे जोड आधी जाणार. कोरड्या विष्ठेची धूळ उडाली तर तिच्यातली बुरशी फुफ्फुसात जाते. तिथे संगणक चालवायचा तर बंद कपाटे हवीत, खेळती हवा हवी आणि झाडताना आधी पाणी शिंपडायला हवे. वटवाघळे राहू द्यायची तर प्रखर दिवे आणि धूर चालणार नाही. हे सगळे मालक करीत नाही. (पुरवणी वाचून कोणी मुलांना बारापेडेला नेण्याचा बेत करू नये, ही कळकळीची विनंती. ते अभयारण्य आहे आणि माणसांच्या वर्दळीने वटवाघळे जागा सोडतात.)

आणि इमान म्हणजे मान डोलावणे, असा लेखाचा सूर होता. अल्फ्रेड मान डोलावत नाही. जेवण समोर ठेवूनही तो टोकतो, झोप झाली नाही म्हणून अडवतो. 2012च्या चित्रपटात तर ब्रूस पुन्हा मरायला निघाला आहे हे दिसल्यावर तो घर सोडून जातो. सालगडी पगारासाठी जातो. हा गेला तो पोराला पुरायची वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून. त्या निघून जाण्यात जे आहे त्याला आपल्या भाषेत पालक म्हणतात.

पालक म्हटल्यावर आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. विश्वासू माणूस घरात असला की अनाथ पोराची सोय झाली, असे लेखावरून वाटते. आपल्याकडे नुसत्या विश्वासावर भागत नाही. कोणाचा आधार नसलेले मूल सापडले तर 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. 1098 वर फोन केला तरी पुढची वाट सांगतात. कायमचे पालकत्व हवे तर 1890च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयात अर्ज करायचा. तो नातेवाइकानेच करावा असे नाही. 8व्या कलमात नातेवाइकाबरोबर स्नेह्यालाही जागा आहे, म्हणजे जुना कारभारीही अर्ज करू शकतो. न्यायालय मुलाचे हित पाहते. त्यात अर्जदाराचे चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, मृत आईवडिलांची इच्छा आणि मूल जाणते असेल तर त्याचे म्हणणे हे सगळे येते. म्हणून मृत्युपत्रातली एक ओळ फार कामाची असते.

सीमाभागात घोळ होतो तो कोणत्या न्यायालयात जायचे यावर. मूल महाराष्ट्रात चंदगडला मामाकडे, जमीन कर्नाटकात खानापुरात, अशी घरे कितीतरी. मुलाच्या ताब्याचा अर्ज मूल नेहमी जिथे राहते तिथल्या न्यायालयात होतो. मिळकतीपुरता अर्ज मिळकत असेल तिथेही चालतो. चुकीच्या ठिकाणी दाखल केलेला अर्ज परत येतो आणि तोवर उताऱ्यावर भलतीच नावे चढतात. शिवाय न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय पाल्याची जमीन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही आणि पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. तसा व्यवहार केला तर तो पुढे रद्द होऊ शकतो. वेन घराण्याची संपत्ती ब्रूस परत येईपर्यंत शाबूत राहिली, ती अशाच कोणीतरी कागद जपल्यामुळे, असे आम्ही धरून चालतो.

पुढच्या पुरवणीत एक छोटी चौकट द्यावी, एवढीच विनंती. 1943 मध्ये आगमन, 1964 मध्ये मृत्यू, 1966 मध्ये पुनरागमन, 1969 मध्ये पेनीवर्थ हे आडनाव आणि 1987 पासून ब्रूसचा पालक. चौकटीला जागा नसेल तर निदान 'नोकर'च्या जागी 'कारभारी आणि पालक' अशी दुरुस्ती छापावी.

आपले,
चित्रकथांचे काही वाचक,
बेळगाव-खानापूर