नळ आले, वीजबिलाचे काय?

महोदय,

जागतिक बँकेच्या कर्जातून २००३ साली महाराष्ट्रात ग्रामीण पाणीपुरवठ्याचा ‘जलस्वराज्य’ प्रकल्प आला. भांडवली खर्चातला १० टक्के वाटा गावाने उचलायचा, देखभाल तर पूर्णपणे गावाचीच. वर्गणी भरलेला माणूस हिशेब विचारतो, म्हणून ही अट मला पटते. घोडे अडते ते पुढे. पाणीपट्टी थकते, पंपाचे बिल तुंबते, वीज तोडली जाते आणि नवीकोरी टाकी कोरडी. कर्जाची परतफेड मात्र सुरूच. ती सरकार करते, म्हणजे आपणच. घरोघरी नळ देण्याच्या केंद्राच्या जलजीवन मिशनमध्येही लोकवर्गणी आहेच. तेव्हा यापुढे कर्ज घेताना सौरपंपाचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा आणि थकबाकीची यादी प्रत्येक ग्रामसभेत वाचावी, सरपंचांच्या घरापासून.

– एक वाचक