हळदीच्या दोन पानांबद्दल आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता मी सर्वांसमोर लिहीत आहे, याचे कारण तुम्हाला ठाऊकच आहे. समोरासमोर आभार मानायला आले की तुम्ही पावसाचा, नाही तर नारळ पाडणाऱ्याने या महिन्यातही दांडी मारल्याचा विषय काढता आणि माझे बोलणे अर्ध्यावरच राहते. शिवाय आमच्या पतसंस्थेत भरणा करायला येणाऱ्या दोघीतिघींनी गेल्या महिन्याभरात खिडकीपाशी रेंगाळून, आवाज खाली आणून, "स्तनांच्या तपासणीनंतर तुम्हालाही परत बोलावले होते म्हणे, मग पुढे काय झाले?" असे मला विचारले आहे. पाठीमागे रांग असताना त्यांना जे सांगता आले नाही, तेही या निमित्ताने लिहून होईल.

लग्न होऊन मी गोव्यात, फोंड्याजवळच्या कवळ्याला आले तेव्हापासून तुमची माझी ओळख कुंपणावरची होती. कढीपत्ता, विरजण, पावसाळ्यात वीज गेली की मेणबत्ती, एवढाच आपला व्यवहार. वाड्यावर सगळे तुम्हाला 'एक्स-रे बाई' म्हणतात आणि निवृत्त होण्यापूर्वी कित्येक वर्षे तुम्ही मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांचे क्ष-किरण फोटो काढण्याच्या खोलीत काम करीत होता, हे मी ऐकून होते. पण त्या नावामागे काय दडले आहे याची चौकशी करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ चवथीला नऊ दिवस उरले असताना आली. २०२१ साली 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' ही मोहीम सुरू झाली त्यानंतर आरोग्य केंद्रात हातात धरायच्या यंत्राने माझी एकदा स्तनांची तपासणी झाली होती आणि त्यात काही निघाले नव्हते. यंदा सत्तेचाळिसावे लागल्यावर मी आपण होऊन आयुष्यातली पहिली मॅमोग्राफी करून घेतली. चार दिवसांनी, मी रोकड जुळवीत असताना फोन आला: "पुन्हा फोटो काढावे लागतील, डॉक्टरांनी सांगितले आहे, चतुर्थीच्या सुट्ट्या संपल्यावर या." कोणत्या बाजूचे, कशासाठी, काय दिसले, यांपैकी एकही शब्द पलीकडून आला नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. ते कोणते इस्पितळ हे मी लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांनी पुढे मला चांगलेच वागवले. पण असा फोन करणाऱ्याने आणखी अर्धा मिनिट खर्च केला असता तर माझे बारा दिवस निराळे गेले असते, असे मला आजही वाटते. त्या संध्याकाळी रोकड चारदा मोजली तेव्हा कुठे ती जुळली.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी अहवालाचा कागद आणला. त्यावर 'बायरॅड्स श्रेणी शून्य' असे लिहिले होते. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निकाल श्रेणीने लिहिण्याची पद्धत, हे मला नंतर कळले. हिशेबाच्या माणसाला शून्य म्हणजे काही बाकी नाही. मग परत कशाला बोलावतात, हे कोडे मला सुटेना. घरी ज्यांना सांगितले त्या सर्वांनी एकच वाक्य ऐकवले: "कांय जावचें ना गो." असे म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही, कारण त्यांच्या जागी मीही तेच म्हटले असते. मात्र या वाक्यानंतर पुढे बोलायची वाट बंद होते. 'आणि झाले तर?' असे विचारणारी बाई अभद्र बोलणारी ठरते, तेही चवथीच्या तोंडावर.

पातोळ्यांसाठी हळदीची पाने मागायला मी तुमच्या परसात आले आणि कोयती हातात घेऊन तशीच उभी राहिले, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही काय झाले ते विचारले, कागद मागवून घेतला, चष्मा पुसून तो दोनदा वाचलात आणि म्हणालात, "यात निकालच नाही. शून्य म्हणजे चित्र अपुरे आहे, आणखी फोटो हवेत. चांगले नाही, वाईटही नाही." नऊ दिवसांच्या त्या काळात खरी माहिती देणारे पहिले वाक्य ते होते.

त्यानंतर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभे राहून तुम्ही जे दाखवले, ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण मला विचारणाऱ्या बायकांना मी हेच सांगू पाहते आणि पाने हाताशी नसल्यामुळे माझी अडचण होते. तुम्ही दोन पाने उजेडासमोर धरलीत, एकावर एक तिरकी. जिथे ती एकमेकांवर आली होती तिथे गडद हिरवा पट्टा दिसत होता. वरचे पान थोडे सरकवताच तो नाहीसा झाला आणि दोन्ही पाने स्वच्छ दिसू लागली. तुम्ही सांगितलेत की स्तन ही चांगली जाडी असलेली वस्तू आहे आणि तिच्यातील सगळे थर फोटोत एकाच पातळीवर येतात. म्हणून एकमेकांवर आलेले निरोगी भागही कधी कधी गाठीसारखे दिसतात. फरक इतकाच की खऱ्या फोटोत ती जागा गडद न दिसता पांढरी दिसते, कारण दाट भाग क्ष-किरण अडवतो. गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ज्यांचे स्तन दाट असतात त्यांचे फोटो वाचणे अवघड जाते. दुसऱ्यांदा बोलावून लहान पट्टीने नेमक्या त्या जागी दाबतात आणि फोटो काढतात, ते हे पान सरकवण्यासाठी.

मला हायसे वाटले, आणि मी निघणार इतक्यात तुम्ही जुडीतून आणखी एक पान काढले. त्यावर तांबूस डाग पडलेला होता. तेही तसेच उजेडासमोर धरून तुम्ही वरचे पान सरकवलेत आणि डाग तिथेच राहिला. "असेही होते," तुम्ही म्हणालात. "मग तो डाग खरा. पण खरा डाग पाण्याच्या गाठीचा असतो, साध्या तंतूंच्या गाठीचा असतो आणि कधी कर्करोगाचाही असतो. ते बघायला सोनोग्राफी असते, आणि तेवढ्यानेही नाही कळले तर सुईने तुकडा काढतात." बाई, मला तुमचे आभार मानायचे आहेत ते मुख्यतः या तिसऱ्या पानाबद्दल. पहिली दोन पाने दाखवून मला घरी पाठवणे तुम्हाला सोपे होते, आणि त्या रात्री मी गाढ झोपलेही असते.

झोप तशीही लागली नाहीच. रात्री दोन वाजता मोबाइलवर मी आकडे शोधत बसले आणि आणखी गोंधळले. ब्रिटनच्या सरकारी तपासणीत शंभरातल्या सुमारे चार स्त्रियांना परत बोलावतात आणि त्या चौघींपैकी साधारण एकीला कर्करोग निघतो, असे एके ठिकाणी वाचले. अमेरिकेत शंभरातल्या सुमारे दहाजणींना परत बोलावतात आणि अशा दहाजणींतल्या एकीपेक्षाही कमी जणींना कर्करोग निघतो, असे दुसरीकडे. मी कोणत्या देशाची, असा वेडगळ प्रश्न घेऊन मी सकाळी कुंपणापाशी आले. तुम्ही हसला नाहीत. जिथे थोडी शंका आली तरी बोलावतात तिथे बोलावलेल्यांत आजारी कमी निघणार, आणि जिथे हात आखडून बोलावतात तिथे ते प्रमाण जास्त दिसणार, एवढा तो हिशेब आहे, असे तुम्ही समजावलेत. वर हेही सांगितलेत की पहिल्या मॅमोग्राफीनंतर परत बोलावण्याची शक्यता अधिक असते, कारण शेजारी ठेवून पडताळून पाहायला जुने फोटो नसतात. आपल्या देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तर ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी होते, मॅमोग्राफी नव्हे. तेव्हा परक्या देशांचे आकडे स्वतःला चिकटवत बसू नकोस, असे म्हणून तुम्ही मोबाइल रात्री सासूबाईंच्या खोलीत चार्जिंगला लावायला सांगितलेत. माझ्या दृष्टीने तो उपाय सर्वांत गुणकारी ठरला.

दुसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो, परंतु ती अनेकींच्या बाबतीत होत असणार. फोन आल्यापासून माझा हात सारखा डाव्या बाजूला जात होता: भांडी घासताना, जिना चढताना, अंथरुणात. पाचव्या दिवशी तिथे दुखू लागले आणि आता नक्कीच काहीतरी आहे, अशी माझी खात्री झाली. तुम्ही विचारलेत, "दिवसातून किती वेळा चाचपतेस?" मी मोजलेच नव्हते. "वीस वेळा कोपर दाबलेस तर तेही दुखेल," असे म्हणून तुम्ही माझे हात खाली ठेवायला लावलेत. शिवाय सुरुवातीची कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून न दुखणारी गाठही दाखवायची असते, हेही सांगितलेत. दोन दिवसांत दुखणे थांबले.

दिवेलागणीनंतर अर्धा तास मी तुमच्या पडवीत येऊन बसावे आणि भीतीचे जे काही बोलायचे ते तेव्हाच बोलावे, हा नेमही तुम्हीच घालून दिलात. दिवसा मनात आले की 'हे संध्याकाळी बाईंकडे' असे मी स्वतःला बजावीत असे. संध्याकाळ होईपर्यंत निम्म्या गोष्टी विसरलेल्या असत. उरलेल्या तुम्ही जुन्या वहीत प्रश्न म्हणून लिहायला लावल्यात. कोणत्या बाजूला दिसले, नेमके काय दिसले, त्याच दिवशी सोनोग्राफी होईल का, निकाल कोण आणि केव्हा सांगणार. असे आठ प्रश्न झाले.

चवथ मात्र कठीण गेली. बाणस्तारीच्या बाजारातून आणलेले आंबाडे, चिबूड, कांगलां आणि सुपारीचे घड गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधताना, पुढच्या वर्षी हे बांधायला मी असेन ना, हा विचार दोऱ्याच्या प्रत्येक गाठीबरोबर येत होता. नेवऱ्यांचा एक घाणा मी काळा केला आणि सासूबाईंनी तो मुकाट्याने बाजूला काढून ठेवला. त्यांना सांगून टाक, असे तुम्ही दोनदा सुचवलेत. मी सांगितले नाही, आणि या एका बाबतीत आजही मला तुमचे पटलेले नाही: त्यांची थोरली बहीण याच आजाराने गेली, आणि निकाल हाती नसताना त्यांना त्या आठवणीत लोटणे मला जमले नसते.

तपासणीच्या दिवशी तुम्ही सातच्या बसला माझ्याआधी फोंड्याच्या स्थानकावर हजर होता. मी काखेत पावडर लावली आहे हे वासावरून ओळखून, ती फोटोत बारीक ठिपक्यांसारखी दिसू शकते म्हणून इस्पितळात पोचताच मला धुवायला पाठवलेत. तिथे तुमच्या हाताखाली शिकलेले कोणी ना कोणी निघाले असते. पण तुम्ही ओळख काढली नाहीत, रांग मोडली नाहीत, बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन दोन तास बसून राहिलात. आत लहान पट्टीचा दाब पहिल्या खेपेपेक्षा जास्त लागला, परंतु तो काही सेकंदांचाच होता आणि तो कशासाठी आहे हे मला ठाऊक होते. फोटो घेणाऱ्या मुलीला मी वहीतला पहिला प्रश्न विचारला तेव्हा ती क्षणभर गांगरली, मग पडदा माझ्याकडे वळवून तिने ती जागा दाखवली.

माझा डाग सरकला नाही. सोनोग्राफीत तो लंबगोल, स्वच्छ काठाचा आणि लहानसा दिसला. बहुधा साधी तंतूंची गाठ, असे डॉक्टरांनी सांगितले. श्रेणी तीन. अशा गाठी कर्करोगाच्या निघण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी असते, म्हणून लगेच सुई न घालता सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे, आणि पुढे दोन वर्षांपर्यंत ती वाढत नाही ना यावर लक्ष ठेवायचे. तिसरे पान मी आधी पाहिले नसते तर 'सरकला नाही' एवढेच माझ्या कानांवर पडले असते आणि पुढचे काही मी ऐकले नसते. मी आठही प्रश्न विचारले, उत्तरे लिहून घेतली आणि बाहेर येऊन वही तुमच्या हातात दिली. तुम्ही ती पूर्ण वाचलीत, "बरोबर आहे" म्हणालात, आणि आपण पातळ भाजी आणि बन्स खायला गेलो. 'बघ, मी म्हटले नव्हते?' असे म्हणायची संधी तुम्ही घेतली नाहीत, कारण तुम्ही तसे काही म्हटलेच नव्हते.

पुढची तपासणी मार्चमध्ये, शिगम्याच्या गडबडीत आली आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही वेळचे फोटो आणि सीडी मी एकाच पाकिटात घालून दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली आहे, म्हणजे या खेपेला पडताळून पाहायला जुने काहीतरी असेल. सासूबाईंना निकालानंतर सांगितले. त्या तुमच्यावर थोड्या रुसल्या आहेत, तेव्हा त्यांनी विषय काढला तर सांभाळून घ्यावे. तोवर तुमच्या परसातली हळद खणून झालेली असेल. सातचीच बस आहे आणि मी पावडर लावणार नाही. बाहेरच्या बाकावर तुम्ही असाल हे मी न विचारताच धरून चालले आहे. जमणार नसेल तर कुंपणावरून तसे कळवावे.

आपली नम्र,
कुंपणापलीकडची शेजारीण