माळ घातली म्हणून आतडे निर्धास्त होत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत ‘शाकाहार करा, कॅन्सर टाळा’ असा ठळक मथळा होता. त्याखालचा लेख तसा बरा होता. आतड्यातल्या जिवाणूंबद्दल त्यात जे लिहिले होते ते चुकीचे नाही. पण पुरवणी शेवटपर्यंत वाचतो कोण? मथळ्याचा फोटो निघतो आणि गावच्या ग्रुपवर फिरतो. सोमवारी माझ्या पिठाच्या गिरणीत आलेल्या एका गिऱ्हाइकाने तोच फोटो मला दाखवला. म्हणाले, “अण्णा, आम्ही पिढीजात माळकरी. आम्हाला ह्याचं भ्या नाही.” त्यांच्या पिशवीत गहू होते आणि सूचना नेहमीचीच: अगदी बारीक काढा, मैद्यागत, घरी चाळून घेतो.

ही समजूत आमच्याकडे सगळीकडे आहे, मराठी घरात आणि कन्नड घरातही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विज्ञानाची पदवी घेतली आणि वडिलांची गिरणी चालवली, त्यामुळे दोन्हीकडचे थोडे थोडे कळते.

मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना तुम्ही कोणत्या पंथाचे आहात हे ठाऊक नसते. वरून काय येते एवढेच त्यांना कळते. साखर, मैदा, शिजवलेला पांढरा भात यांचा बहुतेक भाग लहान आतड्यातच पचून रक्तात जातो. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो तो धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाजीचा चोथा आणि न पचलेला थोडा स्टार्च. जिवाणू हे आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांतले ब्युटिरेट हे महत्त्वाचे. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा त्याच्यावर भागवतात. गंमत अशी की निरोगी पेशीला जे अन्न, तेच बिघडलेल्या पेशीला जड जाते. कॅन्सरची पेशी साखरेवर जगते, ब्युटिरेट वापरत नाही. ते तिच्यात साठत जाते, जनुकांचे काम बदलते आणि पेशीला मरणाकडे ढकलते. प्रयोगशाळेत हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. उलट हा कोंडा-चोथा, म्हणजेच तंतू (फायबर), मिळाले नाहीत, तर हेच जिवाणू आतड्याचे रक्षण करणारा चिकट थरच खायला लागतात. उंदरांवरच्या प्रयोगात हेही दिसले आहे.

२०१५ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीय लोकांना दोन आठवडे दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले तंतूंनी भरलेले जेवण दिले आणि तिकडच्या २० खेडुतांना अमेरिकी जेवण. अमेरिकेतल्या लोकांच्या आतड्यात ब्युटिरेट तयार होण्याचे प्रमाण अडीचपट झाले, खेडुतांचे निम्म्यावर आले. अस्तराच्या पेशींची वाढ आणि सूजही त्याच दिशेने बदलली, आणि तीही अवघ्या दोन आठवड्यांत.

आता मथळ्याकडे येतो. २०१५ सालचाच अमेरिका आणि कॅनडातल्या ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या सुमारे ७७ हजार लोकांचा अभ्यास आहे. त्यात शाकाहाऱ्यांना मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर मांसाहाऱ्यांपेक्षा २२ टक्के कमी दिसला. पण सर्वांत कमी कुणाला? मांस न खाता मासे खाणाऱ्यांना, ४३ टक्के कमी. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली आले. तिथल्या शाकाहाऱ्यांत हा कॅन्सर कमी असल्याचे आढळलेच नाही. म्हणजे ताटात काय नाही एवढ्याने भागत नाही, काय आहे ते बघावे लागते. आणि तंतू म्हणजे रामबाण असेही नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दोन हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना चार वर्षे जास्त तंतूंचा, कमी चरबीचा आहार दिला, तरी आतड्यातून काढलेल्या गाठी, म्हणजे पॉलिप, पुन्हा होण्याचे थांबले नाही. आयुष्यभर खाल्ले तर फायदा होतो, असे एकूण पुराव्याचे वजन आहे. चाळिशीनंतर चार वर्षांत तो हाती लागेल, असे कुणी सांगू नये.

आता आमची ताटे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅम तंतू आहेत, नाचणीत ११, अख्ख्या मसुरात १६ च्या पुढे. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, दोन भाकऱ्या, वाटीभर अख्खा मसूर, मेथी किंवा शेपूची भाजी, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, एवढ्यात तो आकडा गाठता येतो. बेळगावचा मसूर एवढा नावाजलेला, पण घरोघरी शिजते सालं काढलेली तूरडाळ. हुलग्याचे माडगे आणि नाचणीची आंबील आता आजारपणातच आठवतात.

उपवासाचे तर विचारूच नका. एकादशी, दुप्पट खाशी, आणि तेही साबूदाणा, ज्यात तंतू जवळजवळ नाहीतच. बेळगाव तालुक्यातली रताळी ट्रक भरभरून दिल्लीपर्यंत जातात आणि आम्ही उपवासाला साबूदाण्याचे वडे तळतो. बाकीच्या दिवशी चहाबरोबर खारी, टोस्ट, फरसाण, पाहुणे आले की कुंदा. या सगळ्यात मांसाचा कण नाही, हे मान्य.

माझ्या गिरणीत ज्वारीचे दळण वर्षागणिक कमी होत गेले आहे. याचा सगळा दोष मी बायकांच्या कंटाळ्यावर टाकणार नाही, जसा आमचे काही पुढारी टाकतात. कृष्णा-दूधगंगेचे पाणी आले, रानात ऊस आला, शाळू मागे पडला. रेशनवर तांदूळ फुकट मिळतो आणि ज्वारीचा भाव गव्हाच्याही वर गेला. मजुरीवर जगणाऱ्या घराने काय घ्यावे? भाकरी गरिबाची होती, ती आता हॉटेलच्या थाळीत पैसेवाल्याची झाली आहे. तेव्हा ‘तंतू खा’ हा उपदेश करण्याआधी उत्तर कर्नाटकातल्या रेशनवर वर्षभर ज्वारी द्या आणि शाळेच्या दुपारच्या जेवणात आठवड्यातून दोनदा तरी भाकरी-उसळ ठेवा, ही मागणी आपल्या पत्राने लावून धरावी.

मांसाहाऱ्यांनाही उगाच घाबरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्या गटात टाकले, हे खरे. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. रोज ५० ग्रॅम सॉसेज-सलामीसारखे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब आहे. यात्रेला आणि पाहुण्यांच्या निमित्ताने तांबडा रस्सा ओरपणाऱ्या आमच्या माणसाला तो हिशेब जसाच्या तसा लावणे बरोबर नाही.

आणि तंबाखूचा विषय निघालाच आहे म्हणून. देशात पुरुषांना सर्वाधिक होणारा कॅन्सर तोंडाचा आहे, आतड्याचा नव्हे. इथून निपाणी हाकेच्या अंतरावर. तिथल्या तंबाखूवर आमच्या भागाची पोटे भरली, तंबाखू शेतकऱ्यांचे १९८१ चे आंदोलन आम्ही विसरलेलो नाही, त्यामुळे या पिकाविषयी तोंड उघडणे सोपे नाही हे जाणतो. तरीही गळ्यात माळ आणि गालात तंबाखूची चिमूट घेऊन फिरणाऱ्याला ‘शाकाहाराने कॅन्सर टळतो’ म्हणून सांगणे हा त्याचा घात आहे. त्याच अंकात शेवटच्या पानावर वेलचीच्या नावाने पान मसाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात होती, तीही मी पाहिली.

आणखी एक, हे कृपया कापू नये. आमच्याकडे शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून झाडपाल्याचे औषध घेतात, नाहीतर महिनोन् महिने नुसते ताक-भाकरीवर राहतात. मूळव्याध असेलही. पण पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला रक्त जात असेल, सवय बदलली असेल, वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, गरज पडली तर दुर्बिणीने. ज्वारी त्यानंतर दळून देतो.

आपला नम्र,
एक गिरणीवाला वाचक
सदलगा, ता. चिक्कोडी, जि. बेळगाव