टाकी बदलण्यापूर्वी

मुंबई, दि. ९ डिसेंबर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र काल संध्याकाळी मिळाले. सकाळी पिकअपचे दार उघडताच पेट्रोलचा वास येतो आणि तरीही नाताळच्या सुट्टीत तू ती गावी न्यायची म्हणतोस, हे वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही. कृपा करून गाडी हलवू नकोस. माझ्या गाडीलाही हेच दुखणे होते, आणि गेल्या महिन्यात तिची टाकी बदलताना जे शिकलो ते तुला सविस्तर कळवावे, म्हणून हे पत्र.

आपल्या दोघांच्याही गाड्या १९५१ च्या. १९४९ पासून शेवर्लेने या पिकअपची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे उभी बसवायला सुरुवात केली, म्हणजे आपण टेकून बसतो त्या पाठीमागेच पेट्रोल असते. इतर गाड्यांत टाकी पाझरली तर थेंब रस्त्यावर पडतो. आपल्या गाडीत त्याची वाफ केबिनमध्येच साठते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे पायांजवळ बसून राहते. माझे बाबा सांगत की आपली गाडी शिवडीला जोडलेली आहे. शेवर्ले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९२८ ते १९५४ पर्यंत चालू होता, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला खरे वाटते. इतक्या वर्षांत ती टाकी कधी बाहेर निघालीच नव्हती.

सुरुवात वासाने झाली नाही. शीवच्या पुलावर चढताना इंजिन गुदमरल्यासारखे करू लागले, आणि फिल्टरच्या काचेच्या वाटीत तपकिरीसारखा बारीक गंज साचू लागला. वाटी धुतली की आठवडाभर बरे, मग पुन्हा तेच. टाकी उतरवली तेव्हा तळाच्या सांध्याला सुईच्या टोकाएवढी चार भोके सापडली. आपला पावसाळा, महिनोन्महिने अर्धी भरून उभी राहणारी गाडी आणि त्यात २०२३ पासून पंपावर येऊ लागलेले २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, या सगळ्यांचा तो परिणाम असावा, असे मला वाटते. इथेनॉल ओलावा ओढून घेते, आणि जुनी रबरी नळी त्याने एक तर फुगते किंवा चिरते. टाकीत पेट्रोल किती आहे ते कळावे म्हणून आत तरंगणाऱ्या फ्लोटचे बूच तर पेट्रोल पिऊन इतके जड झाले होते की ते तरंगतच नव्हते.

कुर्ल्यातल्या एका वेल्डरने टाकी पाण्याने धुऊन ठिगळ लावून देण्याची तयारी दाखवली, आणि त्याने सांगितलेली मजुरी नव्या टाकीच्या किमतीपुढे काहीच नव्हती. मी नाही म्हटले. तुलाही कोणी असे सुचवले तर ऐकू नकोस. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, कारण हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते, आणि सांध्यांत मुरलेले पेट्रोल धुतल्यानंतरही कितीतरी दिवस वाफ सोडत राहते.

नवी टाकी परदेशातून मागवली. ती आल्यावर लगेच बसवण्याचा मोह होतो, तो आवर. मी जुनी आणि नवी टाकी अंगणात शेजारी ठेवून भरण्याच्या नळीचा कोन, टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांच्या जागा आणि पेट्रोल बाहेर नेणाऱ्या नळीचे आटे ताडून पाहिले. आत लोखंडाचा कीस आणि तेल होते; थोडे पेट्रोल घालून हलवून ते दोनदा काढले. मग सर्व तोंडे बंद करून सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवले. दाब दोन पौंडांच्या पुढे जाऊ देऊ नकोस, पत्रा फुगेल.

बॅटरी काढ, मगच पान्याला हात लाव. काम उघड्यावर कर. नळ्या आणि क्लिपा मी नागदेवी स्ट्रीटवरून आणल्या. इथेनॉलला टिकणारी नळी हवी असे स्पष्ट सांगून माग, कारण पाण्याची आणि हवेची नळी दिसायला तशीच असते. सेंडरच्या, म्हणजे फ्लोट ज्याला जोडलेला असतो आणि जो डॅशबोर्डवरच्या काट्याला पेट्रोलची पातळी कळवतो त्या भागाच्या, गॅस्केटला साधे सिलिकॉन लावू नकोस, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटते आणि त्याचे तुकडे नळीत जातात. सेंडरच्या पाच स्क्रूंची भोके सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. पाचवा स्क्रू लागत नाही म्हणून भोक मोठे करण्यापूर्वी सेंडर फिरवून पाहा.

आता ज्यात माझे दोन दिवस गेले ते सांगतो. मूळच्या पट्ट्यांखाली कापडाचे थर होते, ते पाणी धरून ठेवतात म्हणून मी त्यांच्या जागी रबर लावले. टाकीला बाहेरून चांगला रंगही दिला होता. सगळे बसवून पाच लिटर पेट्रोल घातले, तर डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा थेट ‘भरली’च्या पलीकडे! सेंडर बसवण्यापूर्वी मी तो विजेचा अडथळा मोजणाऱ्या मीटरवर तपासला होता; फ्लोट तळाशी असताना जवळजवळ शून्य ओहम आणि वर असताना तीसच्या आसपास, म्हणजे अगदी बरोबर. मग लक्षात आले की या गाडीत सेंडरची अर्थिंग, म्हणजे वीज परत जाण्याची वाट, टाकीच्या पत्र्यातूनच होते, आणि रबर व रंग यांनी मिळून टाकी केबिनपासून पूर्ण वेगळी केली होती. वाट तुटली की काट्याला तो अडथळा तिसांहूनही मोठा वाटतो आणि तो भरलेली टाकी दाखवतो. खात्रीसाठी मी डॅशबोर्डकडे काट्याला जोडलेली सेंडरची तार काढली आणि काट्याच्या त्याच टोकाला दुसरी तार लावून ती केबिनच्या पत्र्याला टेकवली, तसा काटा रिकाम्यावर आला. ही परीक्षा टाकीजवळ कधीही करू नकोस, तार टेकवताना बारीक ठिणगी पडते. शेवटी सेंडरच्या एका स्क्रूखालचा रंग खरवडून तिथून केबिनच्या पत्र्यापर्यंत वेगळी तार ओढली.

मग त्या पाच लिटरवर गाडी रात्रभर उभी ठेवली, टाकीखाली वर्तमानपत्र पसरून आणि दारे बंद करून. सकाळी दार उघडताच आधी नाक पुढे केले. वास नव्हता, कागद कोरडा होता. त्यानंतरच टाकी पूर्ण भरली, आणि भरताना दर पाच लिटरला एका लाकडी पट्टीवर खूण करून ठेवली. ती पट्टी आता सीटखाली असते. झाकण मात्र जुनेच ठेवले आहे, कारण त्यात हवा आत येण्याची वाट आहे. ती बंद असेल तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल खेचले जात नाही, आणि माणूस उगाच पंपाला दोष देत बसतो.

तुझी टाकी उतरवायला मी येतो. शनिवारी पहाटेच्या गाडीने निघेन आणि मीटर, नळीचा उरलेला तुकडा व रबराच्या पट्ट्या घेऊन येईन. तोपर्यंत बॅटरीची तार काढून ठेव, टाकीतले पेट्रोल तू एकट्याने काढू नकोस, आणि वहिनींना सांग की मुलांना त्या शेडकडे जाऊ देऊ नये.

तुझा मित्र