पॅनलचा जोड समजावून सांगणाऱ्या राजारामपुरीच्या सरांना

सर, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणालो पण तेवढ्यानं समाधान होईना म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

आपल्या कोल्हापुरात आरसीसीचं काहीही विचारा, धा जण सांगतील, पण सीएलटीच्या भिंतीत, म्हणजे फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या जाड पॅनलच्या, दोन पॅनलमधल्या उभ्या जोडावर शिअर किती येतो हे सांगणारं कोण भेटेना आणि पन्हाळ्याकडचं काम तिथंच अडकून पडलेलं. ओळख ना पाळख, तरी तुम्ही दुपारभर बसवून घेतलंत.

टेबलावर दोन जाड डायऱ्या चिकटून उभ्या केल्या आणि वरून बाजूनं ढकलल्या, दोन्ही आपापल्या कोपऱ्यावर तिरक्या झाल्या आणि मधल्या फटीत एक वर एक खाली घसरली. "हे घसरणं अडवायला जेवढा जोर लागतो ना, तोच तुझा शिअर." तिथंच डोक्यात लख्ख उजेड पडला बघा.

मग लग्नपत्रिकेच्या मागं पेन्सिलनं गणित. 1.2 मीटरची दोन पॅनल, उंची 3 मीटर, वरून बाजूनं 30 किलोन्यूटनचा जोर. 30 भागिले 2.4 म्हणजे मीटरला 12.5, उभ्या जोडावर पण मीटरला तेवढाच, उंचीभर मिळून 37.5. वजन सोडून टोकाच्या होल्ड-डाऊनला, म्हणजे भिंतीचं टोक उचलू नये म्हणून खाली धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडीला, पण 37.5 च, त्यामुळं एक पॅनल सुटं काढून बघितलं तर हिशोब बरोबर जुळतो. स्क्रूला 3 किलोन्यूटन धरले तर 13 स्क्रू, साधारण 230 मिलिमीटरवर एक.

पण सगळ्यात मोलाचं पुढं सांगितलंत, की उगाच स्क्रू ठोकत सुटू नको. जोड लई ताठ झाला की अख्खी भिंत एकच तुकडा होऊन डुलते, जरा नरम ठेवला तर प्रत्येक पॅनल वेगळं डुलतं आणि भूकंपाची ताकद स्क्रू वाकण्यात जिरते, लाकूड मात्र एकदम तडकतं म्हणून ते शेवटपर्यंत शाबूत राहिलं पाहिजे. जपानात मिकीला 2007 साली सात मजली सीएलटी बिल्डिंग शेक टेबलवर, म्हणजे भूकंपासारख्या हलणाऱ्या चौथऱ्यावर, हलवलेली आणि ती टिकली, हे पण तुमच्याकडूनच कळलं. 1967 चा कोयनेचा भूकंप झालेल्या आपल्या भागात हे डोक्यात ठेवायलाच पाहिजे.

फी विचारली तर चहा पुढं सरकवलात. सर, मनापासून आभार. ड्रॉइंग तयार झालंय, जोडाच्या डिटेलची प्रिंट घेऊन येतो, लाल पेन तेवढं काढून ठेवा.